रक्तपिपासू सरदार आणि मार्थाआंटीचा हंडा

मढच्या बसथांब्यावर उतरलं की मला पत्ता विचारावा लागत नाही. नाकच घेऊन जातं. आधी वाळत घातलेले बोंबील, मग ओल्या दोरखंडांचा खारट वास, आणि क्रूसापुढे डावीकडे वळलं की भाजल्या मिरच्यांचा ठसका. त्या ठसक्याच्या टोकाला मार्थाआंटीचा बंगला.

गेल्या आठवड्यात मी तिथे एका नव्या चित्रीकरणासाठी जागा बघायला गेले होते. कंटिन्युइटी बघणं हे माझं काम. पहिल्या शॉटमध्ये डाव्या हातात असलेला कप पुढच्या शॉटमध्ये उजव्या हातात जाऊ नये, म्हणून वही घेऊन बसणारी बाई म्हणजे मी. आंटी दारातच उभ्या होत्या. साठी उलटली तरी कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची ढब तीच.

"आलीस गो? आई कशी हाय?"

मी कशी आहे, हे त्या नंतर विचारतात. कधी कधी विसरूनही जातात.

हॉलमध्ये काहीच बदललं नव्हतं. शिसवी कपाट, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, आणि खाली लांब बाकावर पितळेचा मोठा हंडा, दोन कळश्या, एक तांब्या. हंड्याच्या पोटात दार, खिडकी आणि मी असे सगळे वाकडे होऊन उभे होतो. मी त्याला हात लावला. गार लागला. आणि बारा वर्षांपूर्वीचा तो फेब्रुवारी तळहातातून वर चढला.

तो माझा पहिला सिनेमा. परदेशातल्या गढीत राहणारा, माणसांचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणारा एक सरदार, ही जुनी विलायती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. आमच्या लेखकाने ती उचलून वसईच्या खाडीकाठी आणून ठेवली होती आणि भीती काढून घेऊन तिचं प्रेम केलं होतं. आमचा सरदार एकटा होता. त्याच्याकडे पेटीभर जुनी पत्रं होती आणि ती ज्या लिपीत होती ती तो विसरून गेला होता. पत्रं वाचून दाखवायला गावातली एक शिक्षिका यायची. रोज एक पत्र. सिनेमा संपेपर्यंत तो तिच्या मानेकडे बघत नाही, फक्त तिच्या तोंडून येणाऱ्या शब्दांकडे बघतो. लोक त्याला भयपट समजून गेले आणि डोळे पुसत बाहेर आले, असं पुढे अनेकांनी सांगितलं. मला अजून ते ऐकताना अंगावर मूठभर मांस चढतं.

मूळ गोष्ट मला शाळेपासून ठाऊक होती. मी लांज्याची. आमच्या शाळेच्या कपाटात त्या गोष्टीचं एक मराठी रूपांतर होतं, पहिली आणि शेवटची पानं नसलेलं. त्यामुळे सरदार कुठून आला आणि त्याचं पुढे काय झालं, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. ते पुस्तक मी भर दुपारी वाचलं, गावातल्या मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात, नळाजवळच्या दगडावर बसून. पुढे बँड वाजत असे, अक्षता पडत असत, कुणीतरी माइकवरून नवरीच्या मामांना हाक मारत असे. मागे आई पातेली घासत असे. चिंचेचा आंबूस वास, करपलेल्या बासुंदीचा गोडसर धूर, ओल्या राखेचा करडा रंग. सरदार खिडकीतून आत येत असताना मी घाबरून वर पाहायची, तर समोर आई, कोपरापर्यंत काळी, आणि तिच्या हातात सूर्यासारखं पातेलं. मग मी पुढचं पान उलटायची.

तुळशीच्या लग्नानंतर मोसम सुरू झाला की आईची नखं काळी पडत आणि ती थेट पहिल्या पावसापर्यंत तशीच राहत. ती सगळ्या पंगती उठल्यावर जेवायची, तीन-साडेतीनला, उभ्यानेच. माझ्या पुस्तकांना, गणवेशाला, पुढे कॉलेजच्या एसटी पासाला त्या काळ्या नखांचा वास होता. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी आईने गुणपत्रिका हातात घेण्याआधी हात तीनदा धुतले होते.

आणि तरीही मुंबईत आल्यावर "आई काय करते?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "घरीच असते." मालाडच्या ज्या खोलीत आम्ही चौघी मुली राहत होतो, तिथेही मी हेच सांगितलं होतं. युनिटवर तर सगळेच शिकलेले, चांगल्या घरांतून आलेले. मला आईची लाज वाटत होती असं नाही, पण मी उंबऱ्यावर थांबल्यासारखी होते. आत यायचं असेल तर चपला कुठे काढल्या ते कुणी बघू नये, असं काहीतरी.

सिनेमातलं माझं काम फारच गमतीचं होतं. गोष्टीचा नियम असा की सरदाराचं प्रतिबिंब कशातही पडत नाही. आरसा तर सोडाच. खिडकीची काच, तसबिरीची काच, चहाची बशी, शिक्षिकेचा चष्मा, कपाटाचं कुलूप, पाण्याचा पेला. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकांनी मला बोलावून सांगितलं, "तू नवीन आहेस ना? मग तुझे डोळे ताजे आहेत. हा माणूस मला कुठेही दिसता कामा नये." तेव्हापासून युनिटवर माझं नाव पडलं 'आरसेबाई'.

मी सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि घरभर चकाकी शोधत फिरायची. तसबिरीच्या मागे काडेपेटी ठेवून तिचा कोन बदलायचा. काचेवर अंगाचा साबण कोरडाच फिरवायचा. पितळेच्या भांड्यांवर साबणाचा हात आणि त्यावर पावडर. जन्मभर आईने ज्या वस्तू उजळल्या, त्या मी मन लावून मंद करत होते. त्यात एक विचित्र सुख होतं. दुपारी लाइट लागले, सरदार हॉल ओलांडून गेला आणि एकाही वस्तूने त्याला पाहिलं नाही, की मला वाटायचं, हे आपण केलं.

चित्रीकरण सगळं दिवसा. खिडक्यांना बाहेरून काळं कापड ठोकलं होतं. आत कायमची मध्यरात्र आणि बाहेर कोळणींचा हाकारा, सायकलच्या घंटा, भर ऊन. जेवायला बाहेर आलो की डोळे मिटून उभं राहावं लागे. आतल्या अंधाराला गरम लाकडाचा, खोबरेल तेलाचा आणि गुळाचा वास होता. कारण रक्त गुळाच्या पाकाचं होतं, खायचा लाल रंग घालून केलेलं. त्याला मुंग्या लागायच्या. एका अतिशय करुण दृश्यात सरदार मरणासन्न पडला होता आणि अचानक उडी मारून ओरडला, "अरे चावली रे, चावली!" तेव्हा शिक्षिकेचं काम करणारी नटी इतकी हसली की अर्धा तास वाया गेला.

सरदाराचे सुळे बोरिवलीच्या एका दाताच्या डॉक्टरांनी करून दिले होते. ते लावले की त्याला चहा नळीने प्यावा लागे. डोंबिवलीत वाढलेला साधा मुलगा होता तो. काळा झगा, पांढराफटक चेहरा आणि पायात रबरी चप्पल, अशा वेशात गल्लीतून गेला तर म्हाताऱ्या बायका क्रूसाची खूण करायच्या आणि मग विचारायच्या, "जेवलास काय रे?"

आणि या सगळ्यावर आंटींची नजर. बंगला त्यांचा, नियम त्यांचे. सरदाराची शवपेटी टेम्पोतून उतरली त्या दिवशी त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"ही पेटी पुडच्या दारानं नाय येणार."

"आंटी, लाकडी आहे, खोटी आहे," आमचा निर्मिती-व्यवस्थापक म्हणाला.

"दार खरं हाय ना? त्या दारानं पेटी फक्त भाएर जाते. आत येत नाय. मागून आणा."

पेटी मागून आली, विहिरीला वळसा घालून. कुणी वाद घातला नाही.

आंटींनी आम्हाला शनिवार दुपारपर्यंतच मुदत दिली होती. रविवारी त्यांच्या मुलीचं, सिल्वियाचं, लग्न होतं. त्यानंतर ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस लागणार, मग लग्न करता येत नाही, म्हणून तारीख हलणारी नव्हती. शनिवारी संध्याकाळी उंबराचं पाणी आणायचं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, भांडी भरून आणायची आणि त्या पाण्याने नवरीला अंघोळ घालायची, अशी त्यांच्या समाजाची रीत. आंटींच्या घरात ते पाणी त्या बाकावरच्या हंड्यातून आणि कळश्यांतूनच यायचं. आंटींच्या लग्नाला त्यातूनच आलं होतं, त्यांच्या सासूच्याही. आंटींनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "तुला काय साबणबिबण लावायचा तो लाव. पण शनिवारी माजा हंडा मला माज्यासारका परत पायजे."

मी म्हटलं होतं, "हो आंटी, नक्की."

गुरुवारी घोटाळा झाला. सिनेमातलं सगळ्यात मोठं दृश्य चालू होतं. शिक्षिका सरदाराला हाताला धरून आरशापुढे उभी करते. आरशात ती एकटीच दिसते. तो विचारतो, "मी कसा दिसतो? मला माझा चेहरा आठवत नाही." मग ती आरशातल्या रिकाम्या जागेकडे बघत त्याला त्याचा चेहरा सांगते. कपाळ, भुवया, डाव्या गालावरचा वण. खूप लांब शॉट होता. लाइटवाले दादासुद्धा श्वास रोखून उभे होते. आणि शॉट संपल्यावर छोट्या पडद्यावर पुन्हा बघताना दिग्दर्शकांनी बोट ठेवलं. मागे, बाकावर, हंड्याच्या पोटात सरदार होता. झग्यासकट, सुळ्यांसकट. दिव्यांच्या उष्णतेने साबण ओघळून गेला होता.

"आरसेबाई," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी कलाविभागाच्या खोक्यांत शोधलं. शवपेटीला लावायचं काळं पॉलिश होतं, डबाभर. लाखेचं. मी कुणाला न विचारता हंड्याला, कळश्यांना, तांब्याला त्याचा एकेक हात दिला. दहा मिनिटांत वाळलं. पुढचा शॉट निर्दोष. हंडा जणू कोळशाचा. दिग्दर्शकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मला इतका आनंद झाला की आजवर लावलेलं सगळं जसं पुसून निघालं तसं हे निघेल की नाही, हा विचार मनात आलाच नाही.

शनिवारी सकाळी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले. निघेना. साबण लावला. निघेना. काथ्याने घासलं, नख लावून बघितलं. काळा थर पितळेला कातडीसारखा बसला होता. ज्याचं पॉलिश तो रंगारी आपलं सामान घेऊन दुसऱ्या सेटवर निघून गेला होता. फोनवर म्हणाला, "स्पिरिट लागेल." शोधून अर्धी बाटली मिळाली. ती संपली तेव्हा हंड्यावर तळहाताएवढं पितळ दिसत होतं.

मागच्या अंगणात गावातल्या बायका जमल्या होत्या. लग्नाचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळायचे होते, पीठ फुगत ठेवलं होतं, त्याचा आंबूस गरम वास सुटला होता. मांडवाला झावळ्या बांधल्या जात होत्या. मी हंडा दोन्ही हातांनी कवटाळून नेला आणि आंटींसमोर ठेवला.

आंटींनी काळ्या थरावर बोट घासून पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्ये काय केलंस गो?"

"चूक झाली, आंटी. निघत नाहीये."

"निगत नाय म्हंजे? पाच वाजता ब्यांड येतोय!"

दिग्दर्शक धावत आले. "आंटी, मी आत्ता माणूस पाठवतो. मालाडहून नवा आणतो. याच्यापेक्षा मोठा."

"नवा? माज्या सासूनं ज्या हंड्यातून माज्या डोक्यावर पाणी घातलं तो नवा मिळतो काय रे मालाडला?" त्यांचा आवाज चिरला आणि त्याचाच त्यांना राग आला. "समोरची माजी जाऊ सकाळपासनं खिडकीत बसलीय. मार्था सिनेमावाल्यांना घर देते, देते, एक दिवस तोंडाला काळं लावून घेणार, असं सांगत फिरते. लावलंत! खरोखरचं लावलंत!"

सिल्विया हातावर ओल्या मेंदीसारखं काहीतरी लावून आतून आली होती. तिने हंड्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा लहान झाला. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी फोन काढला.

"कोणाला लावतेस?" आंटींनी विचारलं.

"आईला."

"आई काय करणार लांज्याहून? काय करते ती?"

सगळे उभे होते. दिग्दर्शक, नटी, लाइटवाले दादा, अंगणातल्या बायका. मी इतकी वर्षं ठेवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. हंडा माझ्या पायाशी काळा ठिक्कर बसला होता.

"मंगल कार्यालयात भांडी घासते," मी म्हटलं. "पंचवीस वर्षं झाली. तिला येईल हे."

कुणाच्या भुवया वर गेल्या असतील तर मी बघितल्या नाहीत. आंटी एवढंच म्हणाल्या, "मग आधी का नाय सांगितलंस? लाव. आवाज मोठा कर."

आईचा आवाज अंगणात उतरला. मागे तिकडेही सनई होती, तिकडेही लग्नच चालू होतं.

"काय गं, आत्ता कसा फोन? बरी आहेस ना?"

मी सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "पॉलिश कसलं? तेलाचं की लाखेचं?"

"लाखेचं."

"मग रडतेस कशाला? आमच्या कार्यालयाची दारं रंगवताना आख्खा डबा सांडला होता पातेल्यांवर. हे बघ, धुण्याचा सोडा आण. खायचा नको हां, धुण्याचा. मोठ्या टोपात पाणी खळखळ उकळव, त्यात ओंजळभर टाक. टोप ॲल्युमिनियमचा घेऊ नको, वाट लागेल त्याची. आणि भांडी आत बुडव."

"मग घासू?"

"अजिबात घासायचं नाही. हीच तुझी चूक. तू आधी घासलंस, होय ना? बसायचं. वाट बघायची. लाख आपणहून सुटते, दुधावरच्या सायीसारखी. मग चिंच, मीठ. शेवटी राख, चाळलेली. आणि पुसायला जुनं सुती लुगडं, नवं नको. कोणाचा आहे हंडा?"

"माजा," आंटी फोनवर वाकून म्हणाल्या. "माज्या पोरीचं लगीन हाय."

 मग आई म्हणाली, "ताई, काळजी करू नका. पाचच्या आत होईल. माझी मुलगी हाताने चांगली आहे, फक्त हल्ली पुस्तकं फार वाचते."

अंगणभर हसू पसरलं. त्या हसण्यात मी इतक्या वर्षांच्या उंबऱ्यावरून आत आले.

बारा वाजता शेवटचा शॉट झाला, पॅकअप झालं, पण कुणी गेलं नाही. बिर्याणीचा लोखंडी टोप चुलीवर चढला. पाणी उकळलं. सोडा पडल्यावर ते उसळलं आणि त्यात हंडा आडवा बुडवून आम्ही सगळे भोवती बसलो. वीस मिनिटं काहीच झालं नाही. आंटी माळ ओढू लागल्या. मग पाण्यावर एक काळी सुरकुती आली. दुसरी. आणि हंड्यावरून तो थर सरकत, गोळा होत, खरोखर सायीसारखा वर आला. खालून मंद, तांबूस पितळ दिसलं.

"आयला, झकास!" लाइटवाले दादा ओरडले.

मागोमाग कळश्या आणि तांब्याही उकळून निघाले. मग चिंच. आंटींच्या बरणीतली वर्षाची चिंच बाहेर आली. हंडा मी घेतला. एक कळशी नटीने, एक दादांनी. तांब्या सरदाराने घेतला. त्याला चेहरा धुवायला वेळच मिळाला नव्हता. पांढराफटक, डोळ्यांखाली काजळी, झगा कमरेला खोचलेला, पाटावर बसून तो चिंच चोळत होता.

"बघा गो, भूत भांडी घासतंय!" फुगे तळणारी एक बाई म्हणाली.

"भूत असू दे," आंटी म्हणाल्या. "दोन पोरी अजून लग्नाच्या हायत गल्लीत. असा कामाचा जावई कुटं मिळतो?"

मी राख चाळली. हातांना सगळं येत होतं. कुठे अंगठा दाबायचा, कुठे गोल फिरवायचं, काठाखाली बोट कसं घालायचं. मला कुणी ते शिकवलं नव्हतं. दगडावर पुस्तक घेऊन बसल्याबसल्या ते माझ्यात शिरलं होतं, सरदाराच्या गोष्टीबरोबरच. चिंचेच्या वासाने डोळे चुरचुरत होते. नखं काळी झाली होती. मी ती उन्हात धरून बघितली. अगदी आईची नखं.

"ए आरसेबाई," सरदाराने हाक मारली. त्याने तांब्या उंच धरला होता. सोन्यासारखा. त्यात त्याचा पांढरा चेहरा, काजळी, कपाळावरची चिंच, सगळं स्पष्ट. महिनाभर मी ज्याला जगापासून लपवलं तो मला दात काढून दाखवत होता. "शेवटी दिसलो ना गं!"

बँड पाचला पाच मिनिटं कमी असताना आला. भांडी तोवर मांडवात मांडून झाली होती. बायकांनी लाल लुगडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. सिल्वियाने हंड्यात वाकून पाहिलं, टिकलीएवढा डाग शोधल्यासारखं. मग सरळ झाली आणि पहिल्यांदा हसली. समोरच्या खिडकीतली जाऊ बाहेर आली, हंड्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "कल्हईवाला आनलास काय?"

"नाय," आंटी म्हणाल्या. "लांज्याहून बाई आनलीय."

मग त्यांनी माझ्या हातातला फोन मागितला. आईशी पुन्हा बोलल्या. मला ऐकू आलं ते एवढंच: "बस रातची हाय ना? मग बस तिच्यात. उद्या माज्या पोरीचं लगीन हाय आणि तू येत नाय म्हंजे काय?"

आई आली. रविवारी सकाळी मालाडला उतरली, हातात नारळ आणि आंब्याच्या साटांची पिशवी, अंगावर माझ्या पदवीदानाच्या दिवशी नेसलेली निळी साडी. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसली, सगळे उठले की उठली, बसले की बसली. घरी आल्यावर आंटींनी हंडा दाखवला. आईने त्यावर बोट फिरवलं, काठाखाली नेलं, बोटाकडे बघितलं. मला म्हणाली, "काठ बरा केलायस." तिच्याकडून मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. पदवीच्या कागदाशेजारी लावता येत नाही, एवढंच.

गेल्या आठवड्यात मी हॉलमध्ये हंड्यावर हात ठेवून उभी होते तेव्हा मागून आंटी सांगत होत्या, सिल्वियाची मुलगी आता पाचवीला आहे, झाडावर चढते, कुणाचं ऐकत नाही. आई आता माझ्याकडे मुलुंडला असते. कार्यालय सोडून बरीच वर्षं झाली. मला नव्या युनिटवर कुणी घरचं विचारलं की मी आधी तिचं काम सांगते, मग माझं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे सिनेमा नव्हता, आरसा नव्हता. मला खिडकीतून तो मांडव दिसत होता, आणि त्यात पहिल्या रांगेतलं टेबल.

त्या दुपारी आंटींनी आईला तिथे बसवलं होतं, नवरीच्या मामीच्या शेजारी. समोर ताट ठेवलं. फुगे, मटण, भात, चटणी. आईला मटण चालतं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. आई हळूहळू जेवत होती, प्रत्येक घासाआधी इकडेतिकडे बघत. उन्हाचे कवडसे तिच्या हातावर पडत होते. तेव्हा एक वाजला होता. पंचवीस वर्षांत ती कुठल्याही लग्नात एक वाजता जेवली नव्हती.

जेवण झालं. तिने सवयीने आपलं ताट उचललं, शेजारच्या मामीचंही उचललं, एकावर एक ठेवलं आणि उठायला लागली.

आंटींचा हात तिच्या खांद्यावर आला. "खाली ठेव ती."

"राहू द्या हो ताई, मला सवय आहे."

"माज्या घरात पावण्याला ताट उचलायची सवय नाय. बस."

आई बसली. ताटं टेबलावर ठेवली, सरळ केली. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, मग ते मांडीवर ठेवले. मागच्या अंगणातून भांड्यांचा आवाज येऊ लागला होता. कुणीतरी मोठी कढई दगडावरून फरफटत नेत होतं. आईने मान तिरकी करून ऐकलं. तिच्या कपाळावर आठी पडली. ती माझ्याकडे झुकली.

"रिकामी झाल्या झाल्या पाणी ओतून ठेवायला हवं होतं तिच्यात," ती हळूच म्हणाली. "आता दोन तास घासत बसतील."

आणि पाठ टेकून ती खुर्चीत नीट बसली.